शेवटच्या काही नोडांची किंमत

एक किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद असा सपाट चौरस, त्यात कोणताही क्रम न पाळता विखुरलेले १,००० सेन्सर आणि प्रत्येकाच्या रेडिओचा पल्ला ५६ मीटर. हे सगळे सेन्सर एकमेकांमार्फत निरोप पुढे ढकलत एका अखंड जाळ्यात राहतील का, एवढाच प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्यापुढे होता. यादृच्छिक ग्राफच्या सिद्धांतातले एक प्रसिद्ध सूत्र लावले, तर जाळे अखंड असण्याची संभाव्यता ९५ टक्के येते. खातरजमा करावी म्हणून लिहिलेल्या सिम्युलेशनमध्ये मात्र दर तीन चाचण्यांमागे साधारण एक जाळे तुटलेले निघत होते. दोन दिवस मी कोडमधली चूक शोधण्यात घालवले. कोड बरोबर होता आणि सूत्रही बरोबर होते. त्या सूत्राकडून मी जी अपेक्षा धरली होती, ती मात्र चुकीची होती. ती कशी, हे सांगण्यापूर्वी सिद्धांताची थोडी ओळख करून देणे भाग आहे.

ग्राफ हा शब्द येथे शाळेत चौकटींच्या कागदावर काढायच्या आलेखाच्या अर्थाने आलेला नाही. काही बिंदू आणि त्यांतल्या काही जोड्यांना सांधणाऱ्या रेषा, एवढाच या ग्राफचा ऐवज असतो. बिनतारी नेटवर्कमध्ये बिंदू म्हणजे नोड, मग तो सेन्सर असो, फोन असो किंवा वाय-फायचा राउटर असो, आणि रेषा म्हणजे दोन नोडांमधला थेट संपर्क. रेषा कुठे असतील हे आधीपासून ठरलेले नसून संभाव्यतेवर सोडलेले असेल, तर ग्राफ यादृच्छिक झाला. पॉल एर्डिश आणि आल्फ्रेड रेन्यी या हंगेरियन गणितज्ञांनी अशा ग्राफांवरचा आपला पहिला मोठा शोधनिबंध १९५९ साली प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी बेल लॅब्जमधल्या एडगर गिल्बर्ट यांनी स्वतंत्रपणे जवळजवळ तेच प्रारूप मांडले. गिल्बर्ट यांच्या मांडणीत प्रत्येक जोडीसाठी एक नाणे उडवायचे, छापा पडला तर रेषा काढायची आणि काटा पडला तर सोडून द्यायची. नाणे अर्थातच एका बाजूला झुकलेले, कारण छाप्याची संभाव्यता आपल्याला हवी तितकी ठेवता येते.

या साध्या खेळातून निघालेले दोन निष्कर्ष पुढच्या सगळ्या विवेचनाला पुरतात. सरासरी शेजाऱ्यांची संख्या १ च्या वर गेली की ग्राफमध्ये अचानक एक महाकाय तुकडा तयार होतो, ज्यात एकूण नोडांचा मोठा हिस्सा सामावलेला असतो. पण ग्राफ पूर्णपणे अखंड व्हायचा असेल, म्हणजे एकही नोड बाहेर राहायचा नसेल, तर सरासरी शेजाऱ्यांची संख्या नोडसंख्येच्या नैसर्गिक लॉगरिदमच्या वर न्यावी लागते. १,००० नोडांसाठी हा आकडा ६.९ आहे आणि दहा लाखांसाठी १३.८. पहिला उंबरठा स्थिर आहे, तर दुसरा नोडांच्या संख्येबरोबर, संथपणे का होईना, वाढतच राहतो. या दोन उंबरठ्यांमधले अंतर म्हणजे शेवटच्या काही नोडांना सामावून घेण्याची किंमत होय, आणि बिनतारी नेटवर्कच्या कामगिरीविषयीचे बरेचसे वाद प्रत्यक्षात या किमतीचेच वाद असतात, असे माझे मत झाले आहे.

नाण्यांचे हे प्रारूप रेडिओला जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण रेडिओला अंतर कळते. जे दोन नोड माझ्या जवळ आहेत, ते एकमेकांच्याही जवळ असण्याचा संभव मोठा असतो. १९६१ साली गिल्बर्ट यांनीच ही उणीव दूर केली. प्रतलावर बिंदू स्वैरपणे टाकायचे आणि ज्या दोन बिंदूंमधले अंतर ठरावीक पल्ल्याहून कमी असेल त्यांनाच जोडायचे, असे त्यांचे नवे प्रारूप होते आणि ते मांडताना मर्यादित पल्ल्याच्या संदेशवहन केंद्रांचे जाळेच त्यांच्या डोळ्यांसमोर होते. आज यालाच यादृच्छिक भौमितिक ग्राफ म्हणतात.

दोन्ही प्रारूपांतला फरक आकड्यांत पाहण्यासारखा आहे. १,००० नोड आणि प्रत्येकाला सरासरी १० शेजारी, हे दोन्हीकडे सारखेच ठेवले, तर नाण्यांच्या ग्राफमध्ये माझे कोणतेही दोन शेजारी परस्परांचेही शेजारी असण्याची शक्यता १ टक्का असते. भौमितिक ग्राफमध्ये, कडेचा भाग सोडला, तर हीच शक्यता ५८.६५ टक्के असते आणि ती पल्ल्यावर किंवा नोडांच्या संख्येवर अवलंबून नसते, केवळ दोन वर्तुळे एकमेकांना किती झाकतात या भूमितीतून ती येते. याचा परिणाम थेट टप्प्यांच्या संख्येवर होतो. नाण्यांच्या ग्राफमध्ये तीन-चार टप्प्यांत निरोप जवळजवळ कुठल्याही नोडपर्यंत पोहोचतो, कारण प्रत्येक टप्प्याला नवेच शेजारी मिळत जातात. आमच्या चौरसात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर १,४१४ मीटर असल्यामुळे ५६ मीटरच्या पल्ल्याने किमान २६ टप्पे लागतातच, आणि वाट सरळ नसल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. विलंबाचा अंदाज बांधताना चुकीचे प्रारूप निवडले, तर उत्तर काही टक्क्यांनी नव्हे, कित्येक पटींनी चुकते.

असे असूनही अखंडतेच्या प्रश्नावर दोन्ही प्रारूपे एकच उत्तर देतात, आणि मला या विषयातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. पल्ला वाढवत नेला की जाळ्याचे तुकडे एकमेकांना मिळत जातात आणि शेवटी जे मागे उरतात ते जवळजवळ नेहमी एकटे पडलेले नोड असतात. दोन मोठे तुकडे शेवटपर्यंत वेगळे राहिले, असे सहसा घडत नाही, कारण त्यांच्यामध्ये लांबच लांब मोकळा पट्टा लागतो आणि इतका मोठा पट्टा योगायोगाने रिकामा राहणे फार दुर्मीळ असते; एका नोडभोवतीचे एक वर्तुळ रिकामे राहणे त्या मानाने सोपे. भौमितिक ग्राफसाठी ही गोष्ट मॅथ्यू पेनरोज यांनी १९९७ साली काटेकोरपणे सिद्ध केली, आणि १९९८ साली पीयूष गुप्ता व पी. आर. कुमार यांनी बिनतारी नेटवर्कच्या भाषेत तिचा उंबरठा मांडला. म्हणून ‘जाळे अखंड आहे का’ हा अवघड प्रश्न ‘कोणी एकटा पडला आहे का’ या सोप्या प्रश्नात बदलता येतो. (रस्त्यावर एका रांगेत धावणाऱ्या वाहनांच्या नेटवर्कला मात्र हा नियम लागू नाही. तिथे मोकळा पट्टा म्हणजे दोन वाहनांमधले एक मोठे अंतर, आणि जाळे तुटायला तेवढे पुरते. त्यामुळे एकटे नोड टाळण्यासाठी जितका पल्ला लागतो, त्याच्या दुप्पट पल्ला अखंडतेसाठी लागतो.)

सोप्या प्रश्नाचे उत्तर हाताने काढता येते. आमच्या उदाहरणात एका नोडच्या वर्तुळात सरासरी ९.९ शेजारी येतात. विखुरणे स्वैर असल्याने शेजाऱ्यांची प्रत्यक्ष संख्या प्वासाँ वितरणाप्रमाणे, म्हणजे स्वैर विखुरलेल्या गोष्टींच्या मोजणीला लागू पडणाऱ्या नियमाप्रमाणे, कमी-जास्त होते, आणि एकही शेजारी नसण्याची शक्यता साधारण वीस हजारांत एक भरते. नोड १,००० आहेत, म्हणजे एकट्या नोडांची अपेक्षित संख्या ०.०५ झाली आणि एकही एकटा नसण्याची संभाव्यता ९५ टक्के. माझ्या सूत्रातला आकडा इथूनच आला होता.

गफलतही इथेच होती. या हिशोबात प्रत्येक नोडचे वर्तुळ पूर्ण धरले आहे, परंतु चौरसाच्या कडेवर बसलेल्या नोडचे निम्मे वर्तुळ मैदानाबाहेर जाते आणि कोपऱ्यातल्या नोडला तर पाव वर्तुळावरच भागवावे लागते. कडेवरच्या नोडला सरासरी ९.९ च्या जागी पाचच्या आसपास शेजारी मिळतात, आणि त्याची एकटे पडण्याची शक्यता वीस हजारांत एक न राहता दीडशेत एक अशी होते. कडेपासून आत सरकावे तशी ही शक्यता झपाट्याने उतरते, म्हणून कडेचा परिणाम जाणवणारा पट्टा अरुंद असतो. तरीही त्या पट्ट्याचा ढोबळ हिशोब केल्यावर माझ्या हाती जे आले ते असे होते: आतल्या साऱ्या मैदानात एकट्या नोडांची अपेक्षित संख्या ०.०५, चार कडांवर मिळून ०.२५ आणि फक्त चार कोपऱ्यांत ०.१. बेरीज ०.४, म्हणून जाळे अखंड असण्याची संभाव्यता ९५ वरून थेट ६७ टक्क्यांवर आली. माझे सिम्युलेशन दोन दिवस हेच सांगत होते.

मग सूत्र बरोबर कसे? नोडांची संख्या अनंताकडे नेली की कडांचे योगदान शून्याकडे जाते, हे सिद्ध झालेले आहे आणि खरेही आहे. पण ते किती वेगाने शून्याकडे जाते, हे पाहण्याची तसदी मी घेतली नव्हती. ते नोडसंख्येच्या लॉगरिदमच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. १,००० च्या जागी दहा लाख सेन्सर टाकले आणि पल्ला सूत्राप्रमाणे बसवला, तरी कडांचे ०.२५ उतरून जेमतेम ०.१९ होते. दहा लाख सेन्सरांचे नेटवर्क उभारणारेही या अनंतापासून दूरच असतात.

येथे कोणीही म्हणेल की पल्ला थोडा वाढवा आणि विषय संपवा. पण पल्ला वाढवणे फुकट नसते, आणि ते का, हे गुप्ता आणि कुमार यांच्या २००० सालच्या, नेटवर्कच्या क्षमतेवरच्या, म्हणजे ते किती माहिती वाहून नेऊ शकते यावरच्या, शोधनिबंधात आहे. त्यामागचा तर्क कागद-पेन्सिलीशिवायही पटण्यासारखा आहे. पल्ला दुप्पट केला, तर निरोपाला निम्मे टप्पे लागतात, हा फायदा. पण रेडिओ बोलत असताना त्याच्या पल्ल्यातल्या इतरांना त्याच वाहिनीवर गप्प बसावे लागते, आणि पल्ला दुप्पट झाला की गप्प बसवलेले क्षेत्रफळ चौपट होते. एकाच वेळी बोलू शकणाऱ्यांची संख्या त्यामुळे चौथ्या हिश्श्यावर येते. निम्मे टप्पे आणि चतुर्थांश प्रक्षेपणे यांचा मेळ घातला, की प्रत्येक नोडच्या वाट्याला येणारा माहिती पाठवण्याचा वेग निम्मा होतो. म्हणजे पल्ला जितका लहान तितकी क्षमता अधिक, आणि त्याला खालची मर्यादा एकच, ती म्हणजे अखंडता. त्या मर्यादेवरचा पल्ला हिशोबात घातला, तर प्रत्येक नोडचा वाटा नोडसंख्या आणि तिचा लॉगरिदम यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. नोड वाढवत गेलात की प्रत्येकाचा वाटा शून्याकडे सरकत जातो, हा निष्कर्ष त्या काळी अनेकांच्या उत्साहावर पाणी टाकणारा ठरला.

त्या सूत्रातला लॉगरिदम म्हणजेच शेवटच्या काही नोडांची किंमत. १,००० नोडांसाठी त्याचे वर्गमूळ सुमारे २.६ येते. सगळ्यांना सामावून घेण्याचा हट्ट सोडला, तर प्रतलावरचा महाकाय तुकडा सरासरी शेजाऱ्यांची संख्या ४.५१ च्या (नाण्यांच्या ग्राफमध्ये १ च्या) पुढे गेली की लगेच दिसू लागतो. पाण्याने सच्छिद्र दगडात वाट काढावी तशी ही घटना असल्यामुळे तिला पर्कोलेशन, म्हणजे पाझर, असे नाव आहे. आमच्या चौरसात ४.५१ शेजारी मिळवायला ३८ मीटरचा पल्ला पुरतो. ३८ पासून ५६ मीटरपर्यंतचा प्रवास, सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो असे धरले, तर प्रक्षेपणाची शक्ती जवळजवळ पाचपट करायला लावतो.

हा लॉगरिदम अटळ आहे, असे काही वर्षे मानले जात होते. २००७ साली फ्रान्चेस्केत्ती, दूस, त्से आणि तिरां यांनी पाझर सिद्धांताच्याच आधाराने तो काढून टाकला. त्यांची युक्ती मोठी व्यावहारिक आहे. लहान पल्ल्याच्या टप्प्यांनी बनलेले अनेक समांतर राजमार्ग महाकाय तुकड्यातून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काढता येतात. निरोपाचा लांबचा प्रवास त्या मार्गांवरून होतो आणि आडबाजूच्या नोडाने फक्त राजमार्ग गाठण्यापुरती एकच लांब उडी मारायची असते. सर्वांनी सतत लांब पल्ल्याने बोलत राहण्याची गरज उरत नाही. किंमत ज्याच्यामुळे पडते त्याच्याकडून, आणि तीही एका टप्प्यापुरतीच वसूल केली जाते.

शेजाऱ्यांच्या ‘जादूई’ संख्येचा जुना वादही या चौकटीत नीट बसतो. क्लाइनरॉक आणि सिल्व्हेस्टर यांनी १९७८ साली पॅकेट रेडिओसाठी, म्हणजे निरोप तुकड्यातुकड्यांनी पाठवणाऱ्या रेडिओ जाळ्यांसाठी, सहा शेजारी सर्वोत्तम ठरवले आणि १९८४ साली ताकागी व क्लाइनरॉक यांच्या हिशोबात ही संख्या आठच्या आसपास गेली. हे आकडे निरोप जास्तीत जास्त पुढे कसा सरकेल या दृष्टीने काढलेले होते, आणि त्या दृष्टीने ते योग्यच आहेत. २००४ साली शुए आणि कुमार यांनी दाखवून दिले की सर्वच नोड जोडलेले हवे असतील, तर शेजाऱ्यांची कोणतीही स्थिर संख्या अखेर अपुरी पडते आणि ती लॉगरिदमच्या पटीत वाढवावीच लागते. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, प्रश्न तेवढे वेगळे होते.

आतापर्यंत पल्ला म्हणजे जणू कंपासने आखलेले वर्तुळ, असे धरून मी लिहीत आलो आहे. खऱ्या रेडिओचा पल्ला असा नसतो. भिंती, परावर्तने आणि इतरांचे बोलणे यांमुळे जवळचा नोड कधी ऐकू येत नाही, तर कधी लांबचा स्पष्ट ऐकू येतो. हे वाईटच असणार, असे वाटते. पण सरासरी शेजारी तितकेच ठेवून संपर्क जर लांबवर विखुरले, तर पाझराचा उंबरठा खाली उतरतो आणि विखुरणे वाढवत नेल्यास तो ४.५१ पासून १ कडे जातो, म्हणजे आपण पुन्हा नाण्यांच्या ग्राफपाशी येतो. इतरांच्या व्यत्ययाचा हिशोब अधिक कठीण आहे, कारण तिथे एक रेषा टिकेल की नाही हे बाकीच्या सगळ्या नोडांवर ठरते. मोबाइल मनोऱ्यांच्या बाबतीत मात्र त्यालाही आश्चर्य वाटावे इतके सुटसुटीत उत्तर मिळते. अँड्र्यूज, बासेली आणि गांटी यांनी २०११ साली मनोरे स्वैर विखुरलेले धरून असे दाखवले की व्यत्ययापुढे इतर गोंगाट नगण्य असेल, सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होत असेल आणि त्याची चढउतार रेली प्रकारची (अनेक परावर्तने एकमेकांत मिसळून होणारी) असेल, तर सर्वांत जवळच्या मनोऱ्याचा सिग्नल बाकी सगळ्यांच्या एकत्रित व्यत्ययापेक्षा वरचढ असण्याची संभाव्यता ५६ टक्के असते, मग मनोरे दाट असोत की विरळ. मनोरे वाढवल्याने सिग्नल वाढतो, तसाच व्यत्ययही त्याच प्रमाणात वाढतो.

माझ्या चौरसाकडे परत येतो. कडा हिशोबात धरून ९५ टक्के गाठायचे, तर ढोबळ गणिताने प्रत्येक सेन्सरचा पल्ला ५६ वरून ६७ मीटरवर न्यावा लागत होता, म्हणजे एक हजार सेन्सरांची प्रक्षेपणशक्ती दुप्पट करायची आणि वर क्षमतेत सुमारे सहाव्या हिश्श्याचे नुकसान सोसायचे, तेही मैदानाच्या आतल्या ज्या सेन्सरांना याची काही गरज नव्हती त्यांच्यासकट. त्याऐवजी मी परिघावर दर ५० मीटरला एक, असे ८० जादा नोड सुचवले. त्यांचे आपसांत एक कडे तयार होते आणि कडेपासून ५० मीटरच्या आत असलेला कोणताही सेन्सर त्यांपैकी एकाच्या तरी पल्ल्यात येतोच. पल्ला ५६ मीटरच ठेवून चाचण्या पुन्हा चालवल्या, तेव्हा कागदावरचे ९५ टक्के पडद्यावरही दिसू लागले. तेव्हापासून माझे सिम्युलेशन सरासरी शेजाऱ्यांचा आकडा छापण्याआधी एकट्या पडलेल्या नोडांचा नकाशा काढते.